पाच वर्षांची फी, दोन वर्षांचे गुण: ब्रिटनमधल्या बायोकेमिस्ट्रीचा अनुभव

बायोकेमिस्ट्रीच्या माझ्या पाच वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला विभागाने एक तक्ता पाठवला. पदवीचा अंतिम निकाल कसा काढतात, त्याचा. फाउंडेशन, म्हणजे पहिल्या वर्षाआधीचं तयारीचं वर्ष: शून्य टक्के. पहिलं वर्ष: शून्य. दुसरं: तीस. परदेशातलं वर्ष: शून्य, नुसतं पास किंवा नापास. शेवटचं: सत्तर. नियमावलीत हे पहिल्यापासून होतं, कुणी लपवलं नव्हतं. पण प्रवेशाच्या वेळच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत हसणारी मुलं असतात, तक्ता नसतो. पाच वर्षं पैसे मोजायचे आणि त्यांनी मोजायची दोनच, हे असं एका पानावर समोर आल्यावर डोकं फिरतं. त्याच भरात लिहायला बसले आहे, तेव्हा सूर चढलेला वाटला तर समजून घ्या.

कोर्सची रचना सांगत बसत नाही, ती सगळीकडे मिळते. मी शिकते ते विद्यापीठ इंग्लंडमधलं आहे, नाव देत नाही. फाउंडेशन २०२१ ला सुरू झालं, परदेशातलं वर्ष २०२४-२५ ला जर्मनीत, फ्राइबुर्गला झालं.

आधी फाउंडेशन, कारण विचारणारे सगळे त्याबद्दलच विचारतात. बारावीवर थेट पहिल्या वर्षाला घेणारी विद्यापीठं आहेत. माझे केमिस्ट्रीचे गुण या विद्यापीठाच्या अटीत बसत नव्हते, म्हणून ‘वर्ष शून्य’. सुरुवातीला रोज चिडचिड व्हायची. मोल म्हणजे काय, लॉगरिदम, पेशीची अंगकं, पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या क्रेब्ज चक्राचे आठ टप्पे. हे सगळं बारावीला पाठ केलेलं, आता तेच पाउंडात. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी ‘घेऊ नका’ म्हणून मोकळी झाले असते.

माझं मत बदललं ते मायक्रोपिपेटमुळे, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायच्या नळीमुळे. पहिल्याच प्रॅक्टिकलला एन्झाइम नाही, डीएनए नाही, काही नाही. पिपेटने पाणी घ्यायचं, तराजूवर सोडायचं, वजन लिहायचं. १०० मायक्रोलिटर पाणी ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून घ्यायचं, सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं, टोक द्रवात खोल बुडवायचं नाही, अंगठा हळू सोडायचा. मग आपल्या आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते किती विखुरले आहेत ते, काढायचं आणि ते वहीत पेनाने लिहायचं. खोडायचं असेल तर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बारावीच्या टायट्रेशनला ब्युरेटचं रीडिंग कसं ‘आणतात’ ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. इथे आणायला काही नव्हतंच, तराजू समोर होता. आणि गट लहान असल्याने शिक्षिका प्रत्येकाच्या अंगठ्याकडे बघत उभ्या राहायच्या.

याचं मोल कळलं दुसऱ्या वर्षाला. अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा प्रयोग होता: द्रावण पिवळं होतं, ४०५ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते मोजायचं, त्यावरून सुरुवातीचा वेग, आणि वेगांवरून मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली मांडलेला, पदार्थ वाढवला की एन्झाइमचा वेग कसा वाढतो ते दाखवणारा वक्र. द्रावण एका नळीतून पुढच्या नळीत पातळ करत न्यायचं असतं, त्यामुळे पहिल्या नळीत चूक झाली की ती शेवटच्या नळीपर्यंत उतरते आणि वक्राऐवजी शिंतोडे मिळतात. ए-लेव्हल (इंग्लंडमधली बारावी) करून थेट आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे शिंतोडेच होते. आम्हा फाउंडेशनवाल्यांचे प्रत्येक मापाचे तीन-तीन ठिपके एकमेकांवर बसले होते. तेव्हा ते वर्ष वाया गेलं, हे म्हणणं मी मागे घेतलं. फीबद्दलचं घेतलेलं नाही. इंग्लंडने २०२५-२६ पासून वर्गात बसून शिकवायच्या फाउंडेशन वर्षांची कमाल फी स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ५,७६० पाउंडांवर आणली, पण प्रयोगशाळेचे विषय त्यातून वगळले. तिथे त्या वर्षी पूर्ण ९,५३५ च राहिली. आणि आमच्यासारख्या बाहेरच्यांना कमाल मर्यादाच नाही.

(भारतीय बायोकेमिस्ट कमला सोहोनी १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनातलं प्रथिन असतं हे त्यांना सापडलं आणि १४ महिन्यांत पीएचडीचा प्रबंध झाला, पानं अवघी ४० च्या आसपास. मला तेवढ्यात फाउंडेशन आणि त्यानंतरची उन्हाळी सुट्टी जमली.)

पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मोठा वर्ग, ४० ला पास, गुण धरत नाहीत हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे अर्धे लोक दुपारनंतर उगवायचे.

आता परदेशातलं वर्ष. कागदपत्रांपासून सुरुवात करते, कारण सुरुवात तिथूनच होते. ब्रिटिश पासपोर्टवाल्या मैत्रिणी विमानात बसून गेल्या आणि राहण्याचा परवाना त्यांनी तिकडे जाऊन काढला. भारतीय पासपोर्टवर आधी लंडनच्या जर्मन दूतावासातून व्हिसा, त्याआधी भेटीची वेळ, त्याआधी बंद खात्यात ११,९०४ युरो. हे पैसे आपलेच असतात, पण हातात येतात महिन्याला ९९२ प्रमाणे. विद्यापीठाच्या परदेश कक्षाला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांची यादी ब्रिटिश मुलांसाठी केलेली होती. फीचंही तसंच: त्या वर्षाला स्थानिकांकडून जास्तीत जास्त १,३८५ पाउंड घेता यायचे. आमच्याकडून किती घ्यायचे ते विद्यापीठ ठरवतं, आणि ते ठरवताना हात आखडता घेत नाही. वर्गात बसलेली मी फ्राइबुर्गला, फी इंग्लंडमध्ये.

पण अभ्यास! आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे आठवड्यातली एक दुपार. घड्याळाकडे बघत जेल (ज्यात रेणू आकारानुसार पट्ट्यांत वेगळे होतात) चालवायचं आणि पट्टे दिसायच्या आत सामान आवरायचं. तिकडे ब्लॉक कोर्स असतो, सलग काही आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच एक काम. मी एक प्रथिन जिवाणूत वाढवलं, हवं ते प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेलच्या स्तंभावरून शुद्ध केलं, जेलवर तपासलं, पहिल्यांदा ते तुकड्यांत निघालं म्हणून पुन्हा थंड खोलीत बसून केलं, आणि मग त्या प्रथिनाचे स्फटिक वाढवायला ट्रे लावले. चुकल्यावर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करता येणं ही चैन मला इंग्लंडमध्ये मिळाली नव्हती. शिवाय गावही योग्य. हान्स क्रेब्जने युरिया चक्र (शरीर युरिया कसं बनवतं ते) शोधलं ते १९३२ मध्ये याच फ्राइबुर्गला, कुर्ट हेन्झेलाइटबरोबर. पुढच्याच वर्षी ज्यू म्हणून त्याला नोकरीवरून काढलं. केंब्रिजमधल्या बायोकेमिस्ट हॉपकिन्सने त्याला बोलावून घेतलं, तिथून तो शेफिल्डला गेला आणि १९३७ मध्ये ज्याचे आठ टप्पे आपण घोकतो ते चक्र मांडलं. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने त्याबद्दलचं त्याचं पत्र परत पाठवलं होतं, आधीचीच पत्रं साठली आहेत म्हणून. पुढे १९५३ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्याला मिळाला. तो जर्मनीतून इंग्लंडला आला, मी इंग्लंडमधून जर्मनीला गेले. साम्य तिथेच संपतं.

त्या ब्लॉक कोर्सला मला १.३ मिळाले. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे कसंबसं पास. परत आल्यावर आमच्या गुणपत्रिकेवर छापलं गेलं: ‘पास’. वर्षभर भटकून ४.० आणणाऱ्यालाही ‘पास’च. सब घोडे बारा टक्के.

मी आमच्या विद्यापीठाच्या कार्यालयाला लिहिलं. उत्तरादाखल नियमावलीचा दुवा आला. पुन्हा लिहिलं. पुन्हा तोच दुवा, या वेळी पान क्रमांकासकट. तिसऱ्या माणसाने मात्र नीट कारण दिलं: दोन देशांचे गुण न्याय्य पद्धतीने एकमेकांत बदलता येत नाहीत. मला हे पटलं नाही, कारण जर्मन विद्यापीठं तेच तर रोज करतात. त्यांच्याकडे बव्हेरियन सूत्र आहे: सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि पास यांच्यातल्या अंतराने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. मी बसून आकडेमोड केली. आमच्याकडे ७० ला फर्स्ट म्हणतात, म्हणजे सर्वोच्च श्रेणी. सूत्रात टाकल्यावर ते झाले २.५, म्हणजे तिकडच्या ‘चांगला’ या श्रेणीचं शेवटचं टोक. उलट माझे १.३ इकडे आणले तर होतात ९४. आमच्या विभागात बायोकेमिस्ट्रीच्या निबंधाला ९४ देणारा परीक्षक मी पाहिलेला नाही. तेव्हा ते धरू नयेत, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वहीत आकडे समोर असताना नाही म्हणता येईना.

पण धरू नका म्हणजे छापूही नका असं होत नाही ना? मूळ आकडा, ‘जर्मन पद्धतीने’ एवढं लिहून, कोपऱ्यात छापायला शाई किती लागते? माझं भांडण आता एवढ्यावर आलं आहे आणि ते चालू आहे. पदवीच्या नावात मात्र ‘परदेशातील अभ्यासासह’ हे शब्द दिमाखात येणार, कारण ते पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत उपयोगी पडतात.

शून्य टक्क्यांचा एक फायदा आहे, तोही लिहिते. गुण धरले जाणार नव्हते म्हणूनच मी स्फटिकांचा कोर्स घेतला. धरले जात असते तर सोपं काहीतरी घेऊन ६५ च्या आसपास सुरक्षित राहिले असते, सगळे तेच करतात.

हा कोर्स घ्यायचा विचार असेल तर: परदेशातलं वर्ष अर्जातच निवडायची गरज आहे का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षात बदलून घेता येतं, पण ठरावीक गुणांची अट असते आणि आमच्या व्हिसाच्या मुदतीचा प्रश्न येतो. पदवीनंतर थांबून नोकरी शोधायचा बेत असेल तर १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत, तो हिशोब धरा. आणि बाहेरून परत निघण्याआधी तिथल्या परीक्षा कार्यालयातून सही-शिक्क्याची मूळ गुणपत्रिका घ्या, दोन प्रती. मला फ्राइबुर्गला ती फुकट मिळाली. मास्टर्सच्या अर्जांना मी तीच वर लावते, आमची खाली.