जुन्या पुस्तकांचे स्कॅन मोबाइलवर: केटूपीडीएफऑप्ट की ओसीआर?

भाची रोज कल्याणहून सीएसएमटीला लोकलने जाते. एमएसाठीची जुनी पुस्तकं स्कॅनच्या पीडीएफमध्ये, आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवायचं. एक हात तर वरच्या कडीत अडकलेला. केटूपीडीएफऑप्ट (k2pdfopt, पीडीएफची पानं लहान पडद्यासाठी नव्याने मांडणारा प्रोग्रॅम) वापरू की ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र), असं तिने विचारलं. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत.

केटूपीडीएफऑप्ट संगणकावर चालवावं लागतं, पण मेहनत कमी. ते अक्षरं वाचत बसत नाही. पानाच्या चित्रातले शब्द मधल्या मोकळ्या जागेवर कापतं आणि अरुंद पडद्याच्या मापाने पुन्हा ओळीत लावतं. छापलंय तेच दिसतं. तिरकं स्कॅन किंवा तक्ते आले की मात्र गोंधळ उडतो, आणि फाइल जडच राहते.

ओसीआरचं दुखणं अचूकतेचं. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला मराठी येतं. ड्राइव्हमधली पीडीएफ गूगल डॉक्सने उघडली तरी मजकूर मिळतो. पण पुसट छपाईत अनुस्वार गळतो, रफार उडतो, ‘घर’चं ‘धर’ होतं. प्रबंधात उतारा घ्यायचा तर मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय एक ओळही घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. बदल्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं, शब्द शोधता येतो, मोबाइलकडून वाचूनही घेता येतं.

गाडीत सलग वाचायचं असेल तर केटूपीडीएफऑप्ट. टिपणं काढायची असतील, शोधाशोध असेल किंवा नजर अधू असेल, तर ओसीआर. मूळ स्कॅन मात्र जपून ठेवा.