‘पिल्लू’ म्हणून विकलेला पूर्ण वाढलेला पाणढेकूण

पावसाळा लागला की वडोदऱ्यात मोबाइलवर ‘शिकारी पाणकिडे, घरच्या टाकीसाठी’ अशा जाहिराती फिरू लागतात. दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात यंदा असाच तीन हजारांचा माल आला. ‘राक्षसी पाणढेकणाचं पिल्लू’ ६००, त्याचीच ‘गाभण मादी’ ८००, शिकारी पाणभुंग्यांची जोडी ९००, पाणविंचू ४०० आणि ‘खास खाद्या’ची डबी ३००. रावपुऱ्याच्या कोपऱ्यावर स्कूटरवरून पिशव्या हातात दिल्या, पैसे आधीच घेतलेले. पाचही वस्तूंत खोट होती. चारही जिवंत वस्तूंतली खोट तर श्रीखंडाच्या रिकाम्या पांढऱ्या डब्यात दोन इंच पाणी घेऊन पाच मिनिटं बघितलं असतं तरी उघडी पडली असती.

पहिलं ते पिल्लू. जेमतेम पाऊण इंचाचं. विकणारा म्हणाला, ‘‘हजी तो बच्चुं छे, मोटुं थशे,’’ आणि चार इंचांचा वायदा केला. एक तर आपल्याकडचा मोठा पाणढेकूण, लेथोसेरस इंडिकस, साधारण तीन इंचांपर्यंतच जातो. दुसरं म्हणजे कीटकाला पूर्ण पंख आले की त्याची वाढ संपते. पाठीवर पंख एकमेकांवर चढून पोट झाकत असतील तर तो प्रौढ. पिल्लाच्या खांद्याशी पंखांची नुसती आखूड बोंडं दिसतात. पिशवीतला होता डिप्लोनिकस, म्हणजे लहान जातीचा पूर्ण वाढलेला पाणढेकूण. पावसाळ्यात तळ्याकाठच्या दिव्याखाली असले किडे फुकट सापडतात.

‘गाभण मादी’ हा तर निव्वळ विनोद. या जातीत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि नर ती वाहतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून त्यांना हवा देतो. पाठीवर दाण्यांसारखी अंडी दिसली की तो नर, यात शंकाच नको. म्हणजे दोनशे रुपये जादा मोजले ते बापाचे. अंडी खरवडून वेगळी ठेवायचा मोह टाळा. नराच्या देखभालीवाचून ती सहसा फुटत नाहीत.

पाणभुंग्यांची जोडी दीड-दीड इंचाची, काळी, चकचकीत. टाकीत सहा गप्पी मासे सोडले, पंधरवडा गेला, सहाही जिवंत. ते शिकारी सिबिस्टर नव्हतेच. हायड्रोफिलस होते, ज्यांचे प्रौढ मुख्यतः पाणवनस्पती आणि कुजका पालापाचोळा खातात. वरून बघणारा सहज फसतो. शिकारी भुंगा हवेसाठी शेपटीकडून वर येतो, दोन्ही मागचे पाय वल्ह्यासारखे एकदम मारतो. हायड्रोफिलस डोक्याकडून वर येतो, पाय आळीपाळीने हलवतो आणि त्याच्या पोटाखाली हवेचा चंदेरी थर चमकतो. गाळणीत उलटा केलात तर छातीखाली होडीच्या कण्यासारखी उंच रेघ आणि मागे वळलेला काटा दिसेल. जोडीचा दावाही तिथेच तपासता येतो: सिबिस्टरच्या नराच्या पुढच्या पायांवर मादीला धरायला चोषकांच्या चपट्या गाद्या असतात. पाणढेकणाला मात्र हात लावू नका, गाळणीनेच उचला. त्याची सोंड जबर डसते.

आता ‘खास खाद्य’. माशांच्या साध्या गोळ्या कुटून डबीत भरलेल्या. हायड्रोफिलसने त्या खाल्ल्या, घरच्यांना वाटलं, खाद्य लागू पडलं. पाणढेकणाचं तोंड मात्र सोंडेचं. तो हलणारं भक्ष्य पकडतो, त्यात लाळ सोडतो आणि विरघळलेलं मांस शोषतो. गोळीपुढे तो उपाशीच बसतो. दहाव्या दिवशी दोन्ही पाणढेकणांच्या डब्याच्या तळाशी एक पोकळ टरफल दिसलं. फोनवर उत्तर मिळालं, ‘‘कात टाकली, वाढतोय.’’ प्रौढ कात टाकत नाही, हे झालंच. पण कातीला पाठीच्या मधोमध उभी चीर असते आणि कात टाकणारा शेजारी बसलेला सापडतो. इथे चीर नव्हती आणि दोनाचा एक झाला होता. अंडीवाल्याने दुसऱ्याला शोषलं होतं.

म्हणून प्रत्येक शिकारी वेगळ्या डब्यात. लहान पाणढेकणाला रोज आठ-दहा डासांच्या अळ्या पुरतात. त्या महापालिकेने अळीनाशक टाकलेल्या पाण्यातल्या नकोत, आणि त्या दिवशी लागतील तेवढ्याच आणा. उरल्या तर घरातच डास होतील. सिबिस्टरला आठवड्यातून दोन-तीनदा कच्च्या कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा, अर्ध्या तासात उरलेला बाहेर. या सगळ्यांना हवा पृष्ठभागावरून घ्यावी लागते. त्यावर खाण्याचा तेलकट थर साचला की दम कोंडतो. थर दिसला तर वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर पसरून अलगद ओढून घ्यावा. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवलेलं, बारीक जाळीचं घट्ट झाकण (हे किडे रात्री उडू शकतात), आणि त्या खोलीत डासांची लिक्विड मशीन किंवा फवारा अजिबात नाही.

पाणविंचू तिसऱ्याच दिवशी गेला. त्याची ‘नांगी’ म्हणजे श्वासनळी. ती दोन बारीक अर्ध्या नळ्या जुळून बनते. इथे एक तुटलेली होती आणि टाकीत दहा इंच पाणी. पाणविंचू नीट पोहत नाही. त्याला तीन-चार इंच पाणी आणि पृष्ठभागापर्यंत येणाऱ्या काड्या लागतात, म्हणजे धरून बसल्या जागी नळी वर काढता येते. घेताना शेपटी अखंड आहे का, एवढं बघितलं तरी चारशे वाचतात.

पैसे मागितले तेव्हा ‘‘पाणी बदललंत म्हणून मेले’’ आणि वर ‘‘अर्ध्या किमतीत दुसरे देतो.’’ जाहिरातीतला फोटो तळहाताएवढ्या लेथोसेरसचा आहे, तो अजून तसाच. घ्यायचंच असेल तर आधी व्हिडिओ मागा: खाली आजचं वर्तमानपत्र, शेजारी फूटपट्टी, किडा वरून, पोटाकडून, आणि पाण्यात हवा घ्यायला वर येताना. पैसे माल हातात आल्यावर, डब्यात सोडून बघितल्यावर.

हायड्रोफिलस खुशाल आहेत. हायड्रिला ही पाणवनस्पती आणि उकडलेलं पालकाचं पान खातात, गप्पी त्यांच्या शेजारून फिरतात.