बीपीचं मशीन घेताय? आधी दंडाचं माप घ्या

गेल्या नोव्हेंबरात शाळेत तपासणी शिबिर होतं. नववीचा तास संपवून मी दोन जिने चढून वर गेले, रांगेत उभी राहिले, पट्टा बांधणाऱ्या मुलीशी बोलत बोलतच हात पुढे केला. आकडा आला १६४/९८. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील इथे सोलापुरात लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये होते. एकसष्टाव्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला, आणि त्यांचं बीपी किती होतं हे आम्हाला त्या दिवशी हॉस्पिटलात पहिल्यांदा कळलं. त्याआधी कुणी मोजलंच नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. म्हणाले, "मॅडम, घरी मशीन आणा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा, मग या." त्या मशीनबद्दल हे लिहितेय. सात महिने रोज वापरलंय. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कंपनीपेक्षा पट्ट्याबद्दल आणि बसण्याबद्दल जास्त आहे.

आधी मनगटावरच्या मशीनबद्दल. पुण्याला असलेल्या लेकीने काळजीपोटी दोन दिवसांत ऑनलाइन पाठवलं. दिसायला घड्याळासारखं, ब्लाउजची बाही वर करायला नको, पर्समध्ये मावतं. पण पाच मिनिटांत तीनदा मोजलं तर वरचा आकडा १२८, १४९, १३७. मला वाटलं, खराब निघालं. मग जरा विचार केला तेव्हा कळलं, चूक मशीनची कमी आणि माझ्या हाताची जास्त होती. एकदा हात मांडीवर होता, एकदा टेबलावर, एकदा छातीशी धरलेला.

मी संगमेश्वर कॉलेजची, १९९२ची फिजिक्सची बीएस्सी. तेव्हा सोलापूरला वेगळं विद्यापीठ नव्हतं, डिग्री कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात भिंतीला पाऱ्याचा बॅरोमीटर होता. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, पुस्तकात ७६० लिहिलंय, मग इथे पारा ७२०च्या आसपासच का? कुणालाच सांगता येईना. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, डोक्यावरची हवा तेवढी कमी, म्हणून पारा कमी चढतो, हे त्यांनी समजावलं. बीपीचा आकडा याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो, हवेच्या दाबाच्या वर आणखी किती, तो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे १२० मिलिमीटर पारा उचलणारा दाब पाणी सव्वापाच फुटांच्या वर चढवेल, जवळजवळ माझ्या उंचीइतकं. आपलं हृदय दिवसाला लाखभर वेळा हे करतं. मुलांना वर्गात मी हे सांगते तेव्हा मागचा बाकसुद्धा गप्प होतो.

याच हिशेबाने हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला की आकडा सात-आठने वाढतो, कारण मधल्या रक्ताच्या स्तंभाचा दाब त्यात मिसळतो. मांडीवरचं मनगट सहज वीस सेंटिमीटर खाली असतं, म्हणजे पंधरा-सोळाचा फरक तिथेच पडला. मनगटाचं मशीन दरवेळी छातीच्या पातळीवर धरलं तर बऱ्यापैकी चालतं, पण घरातली म्हातारी माणसं रोज तसं नेमकं धरतील असं मला वाटत नाही. ज्यांच्या दंडाला पट्टा बसतच नाही त्यांच्यासाठी ते ठीक. इतरांनी दंडाचंच घ्यावं.

दंडाचं मशीन मी सिव्हिलजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून घेतलं, २,३५० रुपयांना. घरी आणलं, डब्यातला पट्टा बांधला, दोन दिवस मोजलं. सरासरी १५१/९४. माझे हात गार पडले. तिसऱ्या दिवशी सहज डब्याच्या मागे बघितलं तर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजायचं असतं. माझा दंड भरला ३५.

पट्टा लहान असला की आतली हवेची पिशवी दंडाला नीट वेढत नाही. मग आतली धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि ती जास्तीची हवाच आपलं बीपी म्हणून पडद्यावर येते. मोठा पट्टा बारीक दंडावर बांधला तर उलटं, आकडा कमी येतो. दुकानदाराला फोन केला. भला माणूस, त्याने ३२ ते ४२चा पट्टा मागवून दिला, चार दिवस लागले, ७५० रुपये पडले. "मॅडम, पट्ट्याचं माप कुणी विचारतच नाही हो," तो म्हणाला. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. किती जण चुकीच्या पट्ट्यावर घाबरत असतील, आणि किती जण चुकीच्या पट्ट्यावर निर्धास्त असतील.

नव्या पट्ट्यावर त्याच खुर्चीत, त्याच वेळी १४० आला. आजाराची शंका गेली नाही, पण आकडा खरा मिळाला.

मशीन चालतं कसं तेही सांगते, कारण ते कळल्यावर माझा त्यावर विश्वास बसला. डॉक्टर स्टेथोस्कोपने कोपराशी आवाज ऐकतात. १९०५मध्ये कोरोटकॉफ नावाच्या रशियन सर्जनने त्या आवाजांचं वर्णन केलं, तेव्हापासून ती पद्धत आहे. घरचं मशीन आवाज ऐकत नाही. पट्ट्यात हवा भरून सोडत जाताना नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पट्ट्यातला दाब किंचित थरथरतो, ती थरथर ते टिपतं. थरथर सर्वात मोठी असते तो सरासरी दाब. वरचं आणि खालचं बीपी त्यावरून कंपनीच्या गणिताने काढलं जातं. त्यामुळे मोजताना हात हलवला, बोललं, खोकललं की गणित बिघडतं. आणि प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं, म्हणून मॉडेलची तपासणी झालेली असणं महत्त्वाचं. स्ट्राइड बीपी नावाची आंतरराष्ट्रीय यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. मी माझं मॉडेल त्यात आहे का ते बघूनच पैसे दिले.

आता पाण्याच्या दिवसाबद्दल. आम्ही अशोक चौकाच्या मागे राहतो. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे उठून टाकी, पिंप, कळश्या, हंडे सगळं भरायचं, नंतर धुणं. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या सात दिवसांत एका पाण्याच्या सकाळी मी पिंप भरून तशीच ओल्या हाताने खुर्चीत टेकले आणि बटण दाबलं. १५८. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, हात टेबलावर, काही न बोलता बसले. परत मोजलं, १४१. तेव्हापासून नियम केला. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पायावर पाय नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाच मिनिटं झाली की पहिलं रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं. दोन्ही लिहायची. आवडलेला आकडा ठेवून दुसरा खोडायचा नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीत खाडाखोड दिसली की सर पान परत लिहायला लावायचे, ते मला या वहीशी रोज आठवतं.

बाहीचंही सांगितलं पाहिजे, कारण पुरुषांना ते सुचत नाही. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला तर बाहीच दंड आवळते. मी मोजायच्या वेळी सैल बाहीचा गाऊन घालते. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं जागा सोडून, आत एक-दोन बोटं जातील इतकाच घट्ट.

सात दिवस झाले. पहिला दिवस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सोडून दिला. उरलेली चोवीस रीडिंगं, सरासरी १३८/८७. त्याच दिवशी दवाखान्यात त्यांच्या मशीनवर १५०/९२. दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात, घरी मोजलेल्याला १३५/८५, कारण घरी माणूस निवांत असतो. म्हणजे माझं थोडं घाबरण्याचं होतं आणि थोडं खरं होतं. एक छोटी गोळी सुरू झाली. मला ती टळावी असं मनापासून वाटत होतं. पण चोवीस आकड्यांपुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मिठावरही आलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. सोलापूरच्या घरात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नाही असा दिवस जात नाही. मी चटणी बंद केली नाही, मीठ अर्धं केलं आणि लसूण वाढवला. पहिले पंधरा दिवस फिकी लागली. आता बाहेरची चटणी खारट लागते.

मेमध्ये पारा ४३च्या पुढे गेला तेव्हा माझे आकडे उतरले. ११०, १०८. उठताना अंधारी यायची. कडक उन्हात रक्तवाहिन्या सैल पडतात, घामाने पाणी जातं, बीपी खाली येतं, आणि वर गोळी चालूच. मी मनाने गोळी सोडली नाही, वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पानं उलटून बघितली आणि डोस कमी केला. उलट जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, थंडीत, हेच आकडे वर होते. वही नसती तर हा फरक मला दिसलाच नसता.

पण या मशीनची खरी किंमत मला कळली ती सासूबाईंमुळे. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माझं बघून म्हणाल्या, "माझंही बघ गं." त्यांचा दंड बारीक, डब्यातला पट्टा त्यांना नीट बसतो. आकडे चांगले होते, पण पडद्यावर हृदयाचं एक चिन्ह लुकलुकत होतं. पुस्तिकेत बघितलं तर नाडी अनियमित असल्याची ती खूण. एखाद्या वेळी हात हलला तरी ती येते. पण पाच दिवसांत तीनदा आली. ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. त्यांना काहीही त्रास होत नव्हता. रक्त पातळ ठेवणारं औषध वेळेत सुरू झालं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मला माझ्या वडिलांची फार आठवण आली. अशी नाडी असणाऱ्यांचे मशीनवरचे आकडे कमी-जास्त येतात, म्हणून सासूबाईंचं आम्ही आता तीनदा घेतो आणि सरासरी काढतो.

तक्रारीही आहेत. मशीन बोलतं, पण हिंदी आणि इंग्रजीत. पुस्तिकेत मराठीचं एक पान नाही, महाराष्ट्रात विकताना हे असू नये. मोबाइलवरचं अ‍ॅप मोजायच्या आधी जागेची परवानगी मागतं आणि दर आठवड्याला जोडणी सुटते. मी ते काढून टाकलं, दहा रुपयांची वही बरी. पडद्याच्या कडेला हिरवी-पिवळी-लाल पट्टी आहे. एका आकड्यावर ती लाल होते आणि एकट्या राहणाऱ्या माणसाचा जीव घाबरतो, ती बंद करायची सोय हवी होती. पट्ट्याच्या चिकटपट्टीत साडीचे आणि टॉवेलचे धागे अडकतात, महिन्यातून एकदा जुन्या दाताच्या ब्रशने काढावे लागतात. चार पेन्सिल सेल दोन माणसांच्या वापरात दोन-अडीच महिने जातात. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, मी घेतला नाही.

शेजारच्या अक्का विड्या वळतात. दिवसाला हजार, सकाळपासून मांडी घालून, सूप मांडीवर. त्या एकदा दारातून म्हणाल्या, "टीचर, माझं बी बघा की." बसवलं. पाच मिनिटं गप्प राहायचं म्हटल्यावर हसल्या, घरात असं गप्प बसायला मिळतंय कुठं म्हणाल्या. डोळे मिटून बसल्या. १७२/१०४. थांबून परत, १६८/१०२. मी पान फाडून तारीख आणि दोन्ही आकडे लिहून दिले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला सोबत पाठवून सिव्हिलला दाखवायला लावलं. आता औषध चालू आहे. रविवारी संध्याकाळी त्या येतात, न सांगता खुर्चीत बसतात, आणि पाच मिनिटं होईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत.

त्यांना कुठला पट्टा बसतो ते मी आधी टेपने मोजलं होतं. २७ भरले. डब्यातलाच.