नॉर्वेच्या थंडीत चिनी इलेक्ट्रिक गाडी : दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

ओस्लोजवळच्या लिलेस्ट्रॉम गावी आम्ही राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात घेतलेल्या आमच्या मध्यम आकाराच्या चिनी इलेक्ट्रिक गाडीचे आता दोन हिवाळे झाले आहेत. तिच्यात सुमारे ६० युनिट वीज मावणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी आहे, हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून केबिन तापवणारे यंत्र आहे, मोटर फक्त पुढच्या चाकांना आहे आणि कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, ४२० किलोमीटर आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना लागू पडतात आणि वाचकाने ते एका नावापुरते धरून ठेवू नयेत.

नॉर्वेत इलेक्ट्रिक गाडी का घेतली, असे आता कोणी विचारत नाही. २०२४ मध्ये येथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्क्यांच्या आसपास गाड्या इलेक्ट्रिक होत्या. पाच लाख क्रोनरपर्यंतच्या किमतीवर तेव्हा २५ टक्के मूल्यवर्धित कर माफ होता. २०२६ पासून ही मर्यादा तीन लाखांवर आली आहे. विचारतात ते एवढेच, की चिनी का? त्याचे पहिले उत्तर किंमत हेच. युरोपियन संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी बनावटीच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क बसवले, पण नॉर्वे संघाचा सदस्य नाही आणि त्याने ते शुल्क लावले नाही. त्यामुळे तेवढ्याच पैशांत येथे एक पायरी वरची गाडी मिळते.

आता रेंजविषयी. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत, २३ अंश सेल्सियसच्या उबेत मोजलेला असतो. जुलै महिन्यात आमची गाडी शंभर किलोमीटरला १५-१६ युनिट घेते आणि तो आकडा फारसा खोटा वाटत नाही. जानेवारीत उणे दहा अंशांना हाच खर्च २४ युनिटांच्या आसपास जातो, आणि उणे वीसमध्ये शाळा, दुकान, घर अशा तुटक फेऱ्या असतील तर तीसच्याही पुढे, कारण प्रत्येक वेळी गारठलेली केबिन नव्याने तापवावी लागते. याचा अर्थ हिवाळ्यात २४०-२५० किलोमीटर धरून चालावे. यात चिनी असण्याचा संबंध कमी आहे. येथील मोटारचालकांची संघटना एनएएफ दर हिवाळ्यात गाड्या संपूर्ण रिकाम्या होईपर्यंत पळवून पाहते, आणि त्या चाचणीत जगभरच्या गाड्यांची रेंज घटते, कोणाची कमी, कोणाची जास्त. बॅटरी थंड झाली की तिचा अंतर्गत विरोध वाढतो आणि हीट पंपालाही बाहेरच्या हवेतून ओढायला फारशी उष्णता उरत नाही. ही निसर्गाची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाडी याबाबतीत खरे बोलत नाही याची. बाहेर उणे अठरा अंश असताना, पूर्ण चार्ज होऊन रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीत बसले की पडदा शांतपणे ४२० दाखवतो, कारण हा आकडा बॅटरीच्या टक्केवारीला कागदावरच्या रेंजने गुणून येतो. तापमान, रस्ता, चढ, कालचा खर्च यांपैकी कशाचीही त्यात दखल नसते. म्हणजे बोलाचीच कढी. आम्ही तो आकडा पाहणेच सोडले आहे. टक्केवारी आणि शंभर किलोमीटरचा सरासरी खर्च हे दोनच आकडे पाहून मनाशी हिशेब करावा लागतो. टक्केवारीवरही पूर्ण विसंबता येत नाही. एलएफपी बॅटरीचा विद्युतदाब बराच काळ जवळजवळ सारखाच राहत असल्यामुळे आत किती वीज उरली आहे याचा अंदाज बांधणे संगणकाला अवघड जाते. अधूनमधून शंभर टक्क्यांपर्यंत चार्ज करून तो अंदाज सुधारावा लागतो, नाहीतर थंडीत १७ टक्क्यांवरून एकदम १० वर उडी बसते. त्या दहा टक्क्यांत पुढचे चार्जिंग केंद्र गाठायचे असेल, तर गाडीतले संभाषण थांबते.

चार्जिंगबाबतचा सगळ्यात उपयोगी धडा डोम्बोस येथे मिळाला. ओस्लोहून त्रोंडहाइमला जाणारा ई-सहा महामार्ग गुडब्रान्सडालेन खोऱ्यातून चढत डोम्बोसला येतो आणि तेथून डोव्हरेफ्येलच्या पठारावर हजार मीटरच्या वर जातो. आम्ही संध्याकाळी तेथे पोहोचलो, मुक्काम केला आणि सकाळी निघण्यापूर्वी चार्जिंग लावले. ऐंशी किलोवॉट घेऊ शकणारी गाडी वीस-बावीसवर अडून बसली. शून्याखाली वेगाने वीज भरली तर ग्रॅफाइटच्या ध्रुवावर लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते, म्हणून गाडी स्वतःच हात आखडता घेते, आणि ते योग्यच आहे. तेव्हापासून रस्त्यावरून पोहोचताच, बॅटरी ऊबदार असतानाच आम्ही चार्जिंग उरकतो; तोच चार्जर, तीच थंडी, आणि वेळ निम्म्याहून कमी. अनेक नव्या गाड्यांत चार्जिंगच्या आधी बॅटरी तापवण्याची सोय असते, आमच्या गाडीत ती नव्हती.

घरी चार्ज करण्याचे गणित मात्र सुखाचे आहे. नॉर्वेतील अनेक जुन्या घरांत वीजजोडणी २३० व्होल्टची, न्यूट्रल तार नसलेली असते, त्यामुळे गाडी तीन फेजवर ११ किलोवॉट घेऊ शकत असली तरी घरी तिला एका फेजवर जास्तीत जास्त ७.४ मिळतात. रात्रभरासाठी तेवढे पुष्कळ होतात. शिवाय वीजवाहिन्यांच्या शुल्काचा एक भाग महिन्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सर्वाधिक वापराच्या तासांवरून ठरत असल्याने, संध्याकाळी शेगडी, बंब आणि गाडी एकदम चालू ठेवणे महागात पडते. आम्ही मध्यरात्रीनंतर सावकाश चार्ज करतो, आणि गाडी तारेला जोडलेली असतानाच सकाळी फोनवरून केबिन तापवतो. शेजारी काचेवरचा बर्फ खरवडत असतात तेव्हा आमची काच कोरडी असते. कडाक्याच्या थंडीत डिझेल गाड्यांची जी कुरकुर चालते, ती येथे नाही. बटण दाबले की गाडी निघते. हे सुख छोटे नाही.

चालवताना सावध राहावे लागते ते ब्रेकबाबत. बॅटरी ऊबदार असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर गाडीला आवरते आणि वीज परत साठवते. गार बॅटरीत हे जवळपास होतच नाही, आणि बर्फाळ उतारावर पहिल्यांदा ते जाणवले की छातीत धस्स होते. टायर खिळ्यांचे घेतले आहेत. पुढची चाके अंगणातल्या चढावर ताज्या बर्फात कधी कधी फिरत राहतात, पण महामार्गावर गाडी जड असल्याने स्थिर चालते. एलईडी दिव्यांची काच फारशी तापत नाही, म्हणून मिठाच्या चिखलाचा थर त्यांवर गोठतो आणि प्रत्येक थांब्यावर हाताने पुसावा लागतो. तोच थर पुढच्या रडारवर बसला की अंतर राखून चालणारा क्रूझ कंट्रोल बंद पडतो, नेमका कंटाळवाण्या रस्त्यावर.

वेगमर्यादा ओलांडली की होणारी टुणटुण हा युरोपीय नियमाचा भाग आहे, त्याचा दोष कंपनीला देता येणार नाही. पण बर्फाने झाकलेली पाटी चुकीची वाचून टुणटुणणे, आणि ते प्रत्येक फेरीला पडद्यावर तीनदा टिचक्या मारून बंद करावे लागणे, हा दोष तिचाच. माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्नही येथे आता उघड विचारला जातो. २०२५ च्या शरद ऋतूत ओस्लोच्या रूटर या सार्वजनिक वाहतूक कंपनीने तपासणीअंती सांगितले की तिच्या चिनी बनावटीच्या एका बसच्या बॅटरी-नियंत्रणापर्यंत निर्मात्याला दुरून पोहोचता येते. प्रवाशांच्या गाडीला हे जसेच्या तसे लागू होते असे नाही, पण मी फोनबुक गाडीला जोडणे बंद केले आहे.

सर्वांत कच्चा दुवा सुट्या भागांचा. हिवाळ्यात घसरण कमी करण्यासाठी रस्त्यांवर खडी टाकतात. एका ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने आमच्या पुढच्या काचेला तडा गेला, आणि नवी काच यायला सहा आठवडे लागले. काचेमागच्या कॅमेऱ्याची जुळणी करण्यासाठी पुन्हा एक चक्कर झाली, तीही दुसऱ्या गावातल्या कार्यशाळेत. तोवर तडा गेलेल्या काचेतून समोरच्या गाड्यांचे दिवे दोन-दोन दिसत होते. नॉर्वेच्या ग्राहक कायद्यानुसार मोटारीतील मूळ दोषांची तक्रार पाच वर्षांपर्यंत करता येते, हा मोठा आधार आहे, पण तो दोषांसाठी, खड्यांसाठी नाही.

येथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना अशी गाडी घ्यायची असेल तर चाचणी मे महिन्यात घेऊ नये. जानेवारीत घ्यावी, तीही विक्रेत्याच्या गरम दालनातल्या गाडीची नव्हे, तर रात्रभर बाहेर उभी असलेल्या गाडीची. बॅटरी हाताने बटण दाबून तापवता येते का, पुढची काच आणि बंपर देशात साठ्याला आहेत का, आणि जवळची कार्यशाळा किती किलोमीटरवर आहे, हे प्रश्न रंग निवडण्याआधी विचारावेत.