बोअरवर ठिबक की पावसाची ओल? वाळवंटी जमिनीसाठी निवड करताना

वाळवंटी पट्ट्यात शेती करायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘ठिबक लावा’ असा. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. ठिबक म्हणजे पाणी पिकापर्यंत पोचवायची सोय. पाणी कुठून येणार आणि त्याच्यासोबत आलेलं मीठ कुठे जाणार, हे प्रश्न त्याच्या आधीचे. म्हणून इथे मुख्यतः दोन पर्याय समोरासमोर घेतले आहेत: बोअरच्या पाण्यावर ठिबक, आणि पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून त्याच्या ओलीवर पीक. कालवा आणि हरितगृहाचा उल्लेख ओझरताच, कारण कालवा येणं आपल्या हातात नसतं आणि हरितगृहाचं गणित शेतीपेक्षा कारखान्याच्या जवळचं आहे.

बोअर आणि ठिबक

जमेची बाजू सगळ्यांना माहीत आहे. मोकाट पाणी दिलं तर निम्म्याच्या आसपास वाया जातं. नीट चालवलेल्या ठिबकमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी मुळांच्या कामी येतं. पाण्याची पाळी आपल्या हातात, खत पाण्यातूनच देता येतं, फळबाग आणि भाजीपाला दोन्ही जमतं. इस्रायलमध्ये 1965 साली या तंत्राचं व्यापारी उत्पादन सुरू झालं, आणि तिथल्या नेगेव्ह वाळवंटासारख्या भागात बागायत वाढली ती मोठ्या प्रमाणात त्याच्या जोरावर.

आता मिठाचा हिशेब. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेलं पाणी या भागात वाईट समजलं जात नाही. हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी 50 लाख लिटर झालं. म्हणजे एका हंगामात हेक्टरी पाच टन मीठ आपण आपल्या हातानं रानात टाकलं. भरपूर पावसाच्या मुलखात ते धुऊन जातं. इथे पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं.

ड्रिपरजवळ वाकून पाहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. मध्ये ओला गोळा, आणि त्याच्या कडेला पांढरट कडं. पाणी मिठाला ढकलत कडेपर्यंत नेतं, तोवर मुळं सुखात असतात. पण हलकी सर आली की कडेचं मीठ विरघळून थेट मुळांत उतरतं. म्हणूनच अशा रानात रिमझिम सुरू झाली की ठिबक बंद करायचं नसतं, उलट चालू ठेवायचं. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं, आणि पीक बसतं ते इथेच.

मीठ मुळांखाली ढकलण्यासाठी गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी द्यावंच लागतं. किती, ते पिकावर ठरतं. पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार मोजायचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) दीड असेल तर टोमॅटोला साधारण चौदा टक्के जादा, खजुराला आठ, आणि सातू म्हणजे जवाला जेमतेम चार टक्के. घेवड्याच्या नादी अशा पाण्यावर लागूच नये. मातीची ईसी एकच्या वर गेली की त्याचं उत्पन्न उतरायला लागतं. ठिबकच्या जाहिरातीत ‘पाण्याची बचत’ असते, हा जादा हप्ता नसतो.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावातली. वाचलेलं पाणी जमिनीखाली राहत नाही, शेजारचं पडीक रान बागायत करण्यात जातं. त्यात सौरपंप आला की उपशाला विजेच्या बिलाचाही लगाम राहत नाही. भूजल हजारो वर्षांपूर्वीचं असेल तर ते भरून येत नाही. सौदी अरेबियानं अशाच पाण्यावर गहू पिकवला, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यातही केली, आणि 2016पर्यंत सरकारी गहूखरेदी बंद करून आयातीचा रस्ता धरला. इराणच्या जुन्या कनातींची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्यांची, खुबी यात होती की झऱ्याला येईल तेवढंच पाणी उतारानं बाहेर यायचं. जास्त ओढायची सोयच नव्हती.

अडवलेलं पाणी, ओलीवरचं पीक

जैसलमेर भागातली खडीन पद्धत हा याचा उत्तम नमुना. पालीवाल ब्राह्मणांनी ती पंधराव्या शतकात रुजवली असं मानतात. उघड्या खडकाळ उतारावरून वाहणारं पाणी खालच्या सपाट रानात मातीच्या लांबलचक बांधानं अडवायचं. पाणी तिथे मुरतं, गाळ साचतो, पावसाळा सरल्यावर उरलेलं पाणी सोडून गहू-हरभरा पेरायचा. पुढे एकही पाळी द्यायची नाही. बांधाखालून पाझर होत राहतो आणि पाण्याबरोबर क्षारही पुढे सरकतात, त्यामुळे बांधाच्या आतली जमीन सहसा खारवत नाही. ठिबकवाल्याला जे पैसे आणि पाणी घालून करावं लागतं, ते इथे उतार करतो. माझा कल या पद्धतीकडे आहे तो मुख्यतः याच कारणानं.

पण तिची किंमत जागेत मोजावी लागते. एक हेक्टर पेरणीसाठी साधारण पंधरा हेक्टरचा पाणलोट लागतो. नेगेव्हमधल्या नबाती या प्राचीन अरब लोकांच्या शेतांत, जिथे पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, तिथे हे प्रमाण वीस-तीस पटींपर्यंत जातं. वरचा उतार दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि उद्या त्यानं तो नांगरला किंवा रस्ता काढला, तर खालचा बांध शोभेचा. शिवाय पाऊस फिरला त्या वर्षी पीक नाही. आणि एकाच ढगफुटीत बांध फुटू नये म्हणून जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा दगडी आणि ऐसपैस हवा. काटकसर करायची तर दुसरीकडे करावी.

बाकीचे दोन

कालवा आला म्हणजे जिंकलो असं नाही. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली जिप्समचा कठीण थर आहे. पाणी मुरेना, साचून वर आलं, रानं पाणथळ आणि खारपड झाली. निचऱ्याची सोय आधी, पाणी नंतर. हरितगृहातली मातीविना शेती पाणी फार कमी खाते हे खरं, पण उन्हाळ्यात ओल्या पॅडनं आत थंडावा ठेवायलाच बरंच पाणी जातं. समुद्राचं पाणी गोडं करायचं तर घनमीटरमागे तीन-चार युनिट वीज लागते आणि मागे दाट खारं पाणी उरतं. किनाऱ्यापासून लांब असाल तर ते टाकणार कुठे? महागड्या भाजीला आणि रोपवाटिकेला हे परवडू शकतं, धान्याला नाही.

मग घ्यावं काय?

वर मोकळा, आपल्या ताब्यातला उतार आणि खाली खोल माती असेल, तर आधी बांध. घरचं धान्य आणि जनावरांचा चारा त्यावर. बांधाच्या खालच्या बाजूला, जिथे पाझर येतो, तिथे विहीर घ्यावी आणि तिच्यावर ठिबकचा लहान तुकडा ठेवावा: बोर, डाळिंब, खजूर. दुष्काळी वर्षी बांधाचं रान पडीक राहिलं तरी झाडं जगवण्यापुरतं पाणी मिळण्याची आशा राहते. उतार नसेल आणि फक्त बोअरच असेल, तर ठिबक घ्या, पण पाणी पुरेल त्यापेक्षा कमी क्षेत्रावर, आणि धुवण्याचा हप्ता धरून.

कंपनीकडून दर मागवण्याआधी तीन कामं करा. पाण्याची ईसी उन्हाळ्याच्या शेवटी तपासा, पावसाळ्यानंतर नाही. आजूबाजूच्या जुन्या बोअरची पातळी किती उतरली ते विचारा. आणि रानात दोन मीटर खोल खड्डा घ्या. तळाशी पहार वाजली, चुनखडीचा किंवा जिप्समचा थर लागला, तर मीठ खाली जायला वाट नाही असं समजा आणि निचऱ्याचा खर्च आधी विचारा.