एक मोसम वापरल्यानंतर: डॅशवरून फिरवायचा ब्रेक बॅलन्स बार

हौशी शर्यतीच्या गाडीत मागच्या ब्रेकच्या तेलाच्या लाइनवरचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह काढून दोन मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलात दाब तयार करणारे, एक पुढच्या ब्रेकला, एक मागच्या) आणि पायाचा जोर त्या दोघांत वाटणाऱ्या बॅलन्स बारचा पेडल बॉक्स बसवला, त्याला अख्खा मोसम झाला. लोक हा घेतात डॅशवरच्या नॉबसाठी; तो केबलने बार हलवून पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी बदलतो. प्रत्यक्षात नॉब मी क्वचितच फिरवतो. गाडी सुधारली ती पेडलमधला बार नीट जुळवल्यामुळे.

जुना व्हॉल्व्ह एका ठरावीक दाबानंतर मागचा दाब वाढण्याचा वेग कमी करायचा. त्याखाली पुढे-मागे सारखाच दाब. बॅलन्स बारमध्ये पायाचा जोर मधल्या बेअरिंगमधून दोन पुशरॉडमध्ये, म्हणजे सिलिंडर दाबणाऱ्या दांड्यांमध्ये, वाटला जातो. बेअरिंग ज्या पुशरॉडजवळ सरकेल त्याला जास्त. हे प्रमाण हलक्या ब्रेकलाही तेच आणि कचकन दाबलेल्या ब्रेकलाही तेच. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरताना हा फरक पायाला लगेच जाणवतो, आणि मला तो फार आवडला.

बसवताना घाई करू नका. पाय वर असताना बार थोडा तिरका दिसला तरी चालतो, पण पूर्ण जोरात दाबल्यावर तो पुशरॉडशी काटकोनात यायला हवा. क्लेव्हिस (पुशरॉड बारला जोडणारा तुकडा) आणि पेडलची नळी यांच्यातली फट फार कमी असेल तर बार अडकतो. फार जास्त असेल तर एक लाइन फुटल्यावर दुसरीला जोर मिळायच्या आत पेडल तळाला टेकतं. ही तपासणी मी गाडी जॅकवर घेऊन करतो. पुढच्या कॅलिपरचा (चाकाजवळच्या ब्रेकचा) निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, उघडायचा, एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने मागचं चाक फिरवून बघायचं. पेडल खूप खाली जातं, पण चाक हलत नसेल तर फट बरोबर आहे. ट्रॅकवर जाण्याआधी हे झालंच पाहिजे.

बेअरिंग पार एका टोकाला नेऊनही प्रमाण जमत नसेल तर बारशी झटापट नको, सिलिंडरचं माप बदला. तेवढ्याच जोरात ३/४ इंचाऐवजी ५/८ इंचाच्या सिलिंडरमध्ये दाब सुमारे ४४ टक्के जास्त तयार होतो; पेडलचा प्रवास मात्र वाढतो.

कोरड्या ट्रॅकवर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जराशी आधी लॉक होतील असं ठेवलंय. मागची आधी लॉक झाली की गाडी थेट गिरकीच घेते. पावसात पकड कमी, म्हणून ब्रेक मारताना वजनही पुढे कमी येतं. तेव्हा नॉब थोडा मागच्या बाजूला, म्हणजे मागच्या ब्रेकला जरा जास्त जोर. तोही पेडलवरून पाय काढून, सरळ रस्त्यावर.

नॉबवरच्या खुणांवरून दाब कळत नाही. दोन्ही लाइनना प्रेशर गेज लावून आकडे वहीत लिहायला लागलो तेव्हाच सेटिंग पुन्हा हुबेहूब आणता यायला लागलं. पैसे मोजकेच असतील तर केबल नंतर घ्या, गेज आधी.

तक्रारी दोनच. ब्रेकच्या तेलातली हवा काढताना पुढचा आणि मागचा निपल एकाच वेळी उघडावा लागतो, नाहीतर बार तिरपा होऊन सिलिंडरला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही. म्हणजे एक माणूस जास्त. आणि केबल जिथे जरा जास्त वळवली आहे तिथे पीळ खाते, नॉब फिरतो पण बार उशिरा हलतो. बेअरिंग अजून घट्ट आहे, केबल मात्र पुढच्या मोसमाआधी नवी टाकणार, मोठ्या वळणाने.