बडोद्याहून जर्मनीला: नऊ महिने प्रायव्हेट विमा, दहा महिने पब्लिक

दिवाळीला बडोद्यात आलोय. आल्यापासून तिघांनी एकच विचारलं, "तिकडे इन्शुरन्स कुठला घेतलास रे?" तिघांच्याही घरून कुणी ना कुणी जर्मनीला निघालंय. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. तिकडच्या आरोग्य विम्याचे दोन्ही प्रकार, पब्लिक (सरकारी कायद्याने चालणारा) आणि प्रायव्हेट (खाजगी कंपनीचा), वापरून झालेत, आणि पहिला निवडताना मी चुकलो होतो.

आपण विचार करतो तो मेडिक्लेमच्या डोक्याने. पाच लाखांचा घ्यायचा की दहा, कॅशलेस कुठे चालतं, आणि नाही पटलं तर पुढच्या वर्षी पोर्ट करू. तिकडे हे डोकं बाजूला ठेवावं लागतं. पब्लिक विम्यात सम इन्शुअर्ड असा आकडाच नसतो. आणि एकदा प्रायव्हेटला गेलात की मनात आलं म्हणून परत येता येत नाही. नोकरदाराचा पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेखाली आला तर येता येतं. पंचावन्न वर्षं ओलांडली की तेही जवळपास संपलं.

मर्यादा २०२४ साली वर्षाला ६९,३०० युरो होती. पगार त्याखाली असेल तर पब्लिक सक्तीचा. सक्ती म्हटलं की आपण नाक मुरडतो. ज्या सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांच्या बडोद्याच्या माणसाने तरी मुरडू नये, पण मीही मुरडलंच. माझा पगार ७१,००० होता, म्हणजे निवड माझ्या हातात होती. पगार मर्यादेच्या वर असला, तरी जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल तर तीन महिन्यांच्या आत पब्लिकमध्ये स्वखुशीने जाता येतं. हे मला एजंटने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एजंट हिंदी बोलणारा, त्यामुळे लगेच आपला वाटला. व्हिडिओ कॉलवर त्याने दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. पब्लिकमध्ये माझ्या खिशातून महिन्याला साधारण ५१० युरो जाणार, प्रायव्हेटमध्ये २७०. बाकीचं माझी नोकरीची कंपनी भरणार. तेव्हा मी एकटा होतो, बायको आणि चार वर्षांचा मुलगा सप्टेंबरमध्ये येणार होते. "फॅमिली का बाद में देख लेंगे," तो म्हणाला. मला ते २४० युरो दिसत होते. महिन्याचे वीस-एक हजार रुपये वाचतायत म्हटल्यावर पुढचं कोण वाचतो?

मग आला आजारांचा फॉर्म. मला २०२१ मध्ये मुतखडा झाला होता. आपल्याकडे मुतखडा नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे मला तो आजार वाटतच नव्हता. एजंटचा सूर असा, की इंडियातलं कोण बघायला येतंय. रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, "खरं ते लिही. फाइल मी शोधतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून पिस्ता रंगाची फाइल काढली, सोनोग्राफीचा रिपोर्ट दांडिया बाजारात स्कॅन करून घेतला आणि मला पाठवला. पानाच्या कडेला चहाचा डाग, मधोमध ‘६ मिमी’ला डॉक्टरांनी पेनने केलेला गोल. तो गोल मला महिन्याला ४८ युरो जादा पडला. अर्धे कंपनीने भरले, म्हणजे माझा हप्ता २९४ वर गेला. तरीही लिहिलं ते बरं झालं. आजार मुद्दाम लपवल्याचं निघालं तर दहा वर्षांपर्यंत तो करार अंगाशी येऊ शकतो.

आता वापराबद्दल. प्रायव्हेटचं जे कौतुक होतं, ते खरं आहे. ऑक्टोबरमध्ये रात्री कंबरेतून कळ निघाली. सकाळी युरोलॉजिस्टकडे फोन लावला तर पहिला प्रश्न नावाचा नव्हता, ‘गेझेट्स्लिश ओडर प्रिव्हाट?’ असा होता. पब्लिक की प्रायव्हेट. ‘प्रिव्हाट’ म्हटल्यावर त्याच दुपारची वेळ मिळाली. वेटिंग रूममध्ये माझ्याआधी आलेले तिघे बसले होते आणि मला आत बोलावलं. लाज वाटली, पण कळ जास्त होती.

बिल टपालाने घरी आलं, २१४ युरोंचं. तिकडे प्रायव्हेट पेशंटसाठी डॉक्टरांचं सरकारी दरपत्रक असतं, आणि ते मूळ दराला साधारण २.३ ने गुणून बिल लावतात. आधी आपण भरायचं, मग ॲपवर फोटो टाकून विमा कंपनीकडे मागायचं. मी मागितलं. उत्तर आलं, शून्य युरो. माझ्या पॉलिसीत वर्षाला पहिले ६०० युरो मीच भरायचे होते, आणि त्यात नोकरीच्या कंपनीचाही वाटा नाही. कागदावर ते लिहिलेलं होतं, हे मान्य. पण ज्या पानावर २७० चा आकडा ठळक होता, त्या पानावर नव्हतं.

खरा दणका त्याआधीच बसला होता. पब्लिकमध्ये कमाई नसलेली बायको आणि मूल एकाच हप्त्यात येतात. प्रायव्हेटमध्ये प्रत्येक डोकं वेगळं. बायकोचे ४९६, मुलाचे १६८. कंपनीच्या वाट्याला कायद्याने कमाल मर्यादा आहे, ती गाठली गेली आणि उरलेलं सगळं माझ्यावर आलं. पावणेआठशेच्या आसपास. जे काम पब्लिकने ५१० मध्ये केलं असतं, त्याला.

सुटलो तो निव्वळ नशिबाने. ती मर्यादा दरवर्षी नव्याने ठरते, आणि २०२५ साठी ती ७३,८०० झाली. माझा पगार वाढून ७२,००० झाला होता. म्हणजे १ जानेवारीपासून मी आपोआप पब्लिकमध्ये! पगारवाढ कमी मिळाली म्हणून डिसेंबरभर कुरकुरत होतो, ती कुरकुर एका मेलने थांबली. एजंटचाही फोन आला. ‘बेफ्राइउंग’चा अर्ज कर म्हणाला, म्हणजे सक्तीतून सूट, तीन महिन्यांत करता येतो. फॉर्म भरूनच पाठवला होता त्याने, फक्त सही बाकी. ती सूट एकदा मिळाली की मागे घेता येत नाही, हे मला ऑफिसातल्या एका मल्याळी बाईंनी सांगितलं. सही केली नाही. पब्लिकचा दाखला जोडून प्रायव्हेट करार रद्द केला, तोही तीन महिन्यांच्या मुदतीत.

गेले दहा महिने पब्लिक. माझे महिन्याला ५७० च्या आसपास जातात, त्यात तिघंही आलो. मुलाला चार वेळा ताप आला, एकदा कान फुटला, आणि एकदाही घरी बिल आलं नाही. कार्ड मशीनमध्ये घातलं की झालं. मोठ्यांना औषधामागे पाच ते दहा युरो, मुलांना तेही नाही. दोषही सांगतो. बायकोला त्वचेच्या डॉक्टरची वेळ अकरा आठवड्यांनंतरची मिळत होती. मग कळलं की फॅमिली डॉक्टरने चिठ्ठीवर तातडीचा कोड दिला तर ११६११७ या नंबरवरून लवकर वेळ मिळते. मिळाली, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला.

एकटा असेल, पगार भरपूर असेल आणि चार-पाच वर्षांत नक्की परतणार असेल, त्याला प्रायव्हेट जमेलही. संसार घेऊन जाणाऱ्याने एजंटकडून तिघांचा मिळून आकडा मागावा, आणि तो वर्षाचा मागावा, सुरुवातीचे आपले किती हे धरून. इथला मेडिक्लेम मी बंद केलेला नाही. बंद केला तर परत आल्यावर जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत पहिल्यापासून सुरू होते.

बाबांनी परवा माझं हिरवं-पांढरं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "रक्कम कुठे लिहिलीय?" नाहीच म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. कार्डाची झेरॉक्स काढून त्यांनी त्याच पिस्ता फाइलीत लावली.

आणि हो, दात आणि चष्मा. पब्लिकमध्ये मोठ्यांच्या चष्म्याला सहसा काही मिळत नाही आणि कॅपला खर्चाचा एक भागच मिळतो. माझी कॅप उद्या सकाळी रावपुऱ्यात बसतेय.